पेटीत राहिलेलं हृदय

नागपूरच्या एका हृदयरोगतज्ज्ञांच्या खोलीत मी आणि पत्नी बसलो होतो. डॉक्टर माझा इकोचा रिपोर्ट वाचत होते आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळून भिंतीकडे बघत होतो. भिंतीवर एक चौकट टांगलेली होती. पिवळसर जुना कागद, त्यावर तपकिरी शाईनं काढलेली बारीक चित्रं. आमच्या यवतमाळकडच्या माणसाला जे दिसायचं तेच मला दिसलं. कपाशीचं नुकतं तडकलेलं बोंड!

ते बोंड नव्हतं. हृदयातून बाहेर पडणाऱ्या मोठ्या धमनीच्या, म्हणजे महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप होती. तीन पाकळ्यांची. चित्र लिओनार्दो दा विंचीचं होतं. डॉक्टरांनी माझ्याच केसपेपरच्या मागे दोन वर्तुळं काढली. पहिल्यात मर्सिडीज गाडीच्या चिन्हासारख्या तीन रेघा. ही सगळ्यांची झडप. दुसऱ्या वर्तुळात मधोमध एकच आडवी रेघ. ही माझी. शंभरातल्या एक-दोघांची झडप जन्मतःच अशी दोन पाकळ्यांची असते आणि त्यात बायकांपेक्षा पुरुष बरेच जास्त असतात, असं त्यांनी समजावलं. तरुणपणी ती बिनतक्रार चालते. मात्र पाकळ्यांवर ताण जास्त पडतो, त्या लवकर जाड होतात, त्यांत चुना साचतो आणि साठीच्या आसपास दार नीट उघडेनासं होतं. माझं तेच झालं होतं.

लोहाऱ्याला घरी परतताना मला दोन गोष्टी आठवल्या. बँकेत लागलो तेव्हाच्या वैद्यकीय तपासणीत एका डॉक्टरांनी माझ्या छातीवर स्टेथोस्कोप जरा जास्तच वेळ ठेवला होता. दोनदा ऐकलं, मान हलवली आणि फिट असल्याचा शिक्का मारला. दुसरी आठवण वडिलांची. शेतातून घराकडे येताना ते चढावर दोनदा थांबायचे. वय झालं, असं सगळे म्हणायचे. ते गेले तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. त्यांच्या छातीत काय होतं ते कुणी पाहिलं नाही, त्यामुळे मीही सांगू शकत नाही.

त्यानंतरचे दोन महिने मी लिओनार्दो वाचत बसलो. मोना लिसाच्या हसण्यावर आपण सगळ्यांनीच शाळेपासून पुष्कळ वाचलेलं असतं. हृदयाचा लिओनार्दो मला नवा होता. आणि वाचता वाचता ती गोष्ट माझ्या घराशी येऊन थांबली.

त्याचा जन्म १५ एप्रिल १४५२ चा, इटलीतल्या विंची गावाजवळचा. वडील सेर पिएरो हे नोटरी. करार, मृत्युपत्रं, खरेदीखतं करणारं घराणं, पिढ्यान्‌पिढ्यांचं. आई कातेरिना ही साधी मुलगी, आणि दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. त्यामुळे थोरला असूनही मुलाला बापाच्या व्यवसायात जाता आलं नाही. पंडितांची लॅटिनही त्याला लहानपणी कुणी शिकवली नाही. पुढे आयुष्यभर विद्वान मंडळी त्याला अशिक्षितांत काढत राहिली. मला वाटतं, हेच त्याच्या पथ्यावर पडलं. ज्याला जुने ग्रंथ पाठ असतात तो प्रेतात ग्रंथच पाहतो. याच्यापुढे फक्त प्रेत होतं.

फ्लॉरेन्समध्ये वेरोकिओ या चित्रकार-शिल्पकाराच्या कारखान्यात त्यानं उमेदवारी केली. तिथे रंग घोटण्यापासून ओतकामापर्यंत सगळं शिकावं लागे. तिशीत तो मिलानला लुदोविको स्फोर्झाच्या पदरी गेला. तिथे कालवे पाहिले, यंत्रं आखली, ‘अखेरचं भोजन’ हे भिंतीवरचं प्रसिद्ध चित्र काढलं. ब्राँझचा एक प्रचंड घोडा घडवायचा होता. मातीचा नमुना तयार झाला, पण घोड्यासाठीचं ब्राँझ तोफांसाठी गेलं आणि १४९९ मध्ये फ्रेंच सैन्य शहरात शिरलं तेव्हा तिरंदाजांनी त्या मातीच्या घोड्यावर नेमबाजी केली. अर्धवट राहिलेल्या कामांची त्याची यादी मोठी आहे. डाव्या हातानं, उजवीकडून डावीकडे, आरशात वाचावं लागेल असं तो वहीत लिहायचा.

१५०४ साली वडील वारले. लिओनार्दोच्या वाट्याला काही आलं नाही. काका फ्रान्चेस्कोचा मात्र या पुतण्यावर जीव होता. त्यानं आपली जमीन लिओनार्दोच्या नावे केली. १५०७ मध्ये काका गेला आणि सावत्र भावांनी मृत्युपत्राला हरकत घेतली. कज्जा उभा राहिला. पंचावन्न वर्षांचा हा जगप्रसिद्ध कलावंत जमिनीच्या तुकड्यासाठी मिलानहून फ्लॉरेन्सला येऊन बसला.

हे वाचून मी पुस्तक मिटलं होतं. लोहाऱ्याच्या आमच्या वडिलोपार्जित जमिनीतल्या अडीच एकरांवरून माझा आणि धाकट्या भावाचा दावा चालू आहे. आम्ही एका गावात राहतो. नऊ वर्षं बोललेलो नाही.

त्या कज्ज्याच्याच हिवाळ्यात लिओनार्दो फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नुओवा रुग्णालयात जात असे. तिथे एक अतिवृद्ध माणूस होता. आपलं वय शंभरावर आहे आणि अशक्तपणाखेरीज अंगाला कसलंही दुखणं नाही, असं त्यानं मरणापूर्वी काही तास लिओनार्दोला सांगितलं. मग कसलीही तडफड न करता तो खाटेवर बसल्या बसल्या गेला. इतकं गोड मरण कशानं आलं, हे शोधायला लिओनार्दोनं त्याचं शवविच्छेदन केलं. त्याला हृदयाला रक्त पुरवणारी धमनी वाळलेली, आक्रसलेली आढळली. म्हाताऱ्यांच्या रक्तवाहिन्यांची भिंत जाड होत जाते आणि आतली वाट अरुंद होते, हे त्यानं नोंदवलं. संत्र्याचं साल वयाबरोबर जाड होतं आणि आतला गर कमी होतो, तसं. संत्र्याच्या मुलखातल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पाठोपाठ त्यानं दोन वर्षांच्या एका मुलाचं शव तपासलं आणि तिथे सगळं उलट, मऊ आणि मोकळं आढळलं. हृदयाच्या धमन्या अरुंद होण्याचं हे सर्वांत जुनं वर्णन मानलं जातं. ते लिहिणारा वैद्य नव्हता, कोर्टाच्या तारखांसाठी आलेला चित्रकार होता.

पुढे १५१०-११ च्या हिवाळ्यात पाव्हियाच्या विद्यापीठातला तरुण प्राध्यापक मार्कान्तोनिओ देल्ला तोर्रे याच्याबरोबर त्यानं काम केलं. हाडं, स्नायू, सांधे यांची चित्रं एकामागून एक झाली. १५११ मध्ये प्लेगनं तो प्राध्यापक गेला. मिलानवर पुन्हा युद्ध आलं. लिओनार्दो आद्दा नदीकाठच्या वाप्रिओ गावी आपल्या तरुण शिष्याच्या, फ्रान्चेस्को मेल्झीच्या वाड्यात राहायला गेला. तिथे माणसांची प्रेतं मिळेनात, म्हणून त्यानं बैलाचं हृदय घेतलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावणाऱ्या घरात मी वाढलो, त्यामुळे इथे मला जरा अवघडलं. पण बैलाचं हृदय मोठं असतं, आतली रचना माणसासारखीच असते. साठीला आलेला हा माणूस खेड्यातल्या वाड्यात ते समोर ठेवून बसला आणि १५१३ पर्यंत बसला.

त्यानं लिहून ठेवलं की हृदय हा एक स्नायूच आहे. त्याला दोन नाहीत, चार कप्पे आहेत. आणि मग तो महाधमनीच्या झडपेशी आला. तीनच पाकळ्या का? दोन किंवा चार का नाहीत? त्यानं वर्तुळं काढून, कोन ताडून हा प्रश्न भूमितीनं सोडवायचा प्रयत्न केला. दोन पाकळ्यांची झडप सर्वांत आधी चित्रात काढल्याचं श्रेय आजचे हृदयरोगतज्ज्ञ त्यालाच देतात. म्हणजे माझ्या छातीतली झडप पाचशे वर्षांपूर्वी एका इटालियन चित्रकाराच्या वहीत येऊन गेली होती.

बँकेतली सवय म्हणून मीही कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. धमनीचं तोंड २० मिलिमीटर रुंद धरा. झडप मिटते तेव्हा प्रत्येक पाकळीची मोकळी कड भिंतीवरून मध्यापर्यंत आणि मध्यापासून पुन्हा भिंतीपर्यंत जाते, म्हणजे २० मिलिमीटर. तोंडाचा घेर साधारण ६३. तीन पाकळ्या असतील तर एकीच्या वाट्याला घेराचे २१ मिलिमीटर येतात. वीस आणि एकवीस! उघडताना पाकळी भिंतीला जवळजवळ चोख बसते आणि वाट पूर्ण मोकळी होते. पाकळ्या चार असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला १६ च येतात आणि कापड उरून लोंबतं. दोनच असतील तर ३१ येतात. वीसाची कड एकतीसाच्या भिंतीला कशी पुरणार? ती मध्ये ताणलेलीच राहते आणि दार डोळ्याच्या फटीएवढंच उघडतं. हा ताळेबंद आयुष्यभर जुळत नाही आणि पाकळ्या झिजत जातात.

पाकळ्यांच्या पाठीमागे महाधमनीच्या भिंतीला तीन फुगीर खिसे असतात. ते तिथे कशासाठी? लिओनार्दोनं आयुष्यभर वाहतं पाणी पाहिलं होतं. पुलाच्या खांबाशी, नदीच्या वळणाशी पाणी कसं गिरकी घेतं याची त्याची शेकडो चित्रं आहेत. आमच्या गावाबाहेरच्या नाल्यावर लहानपणी आम्हीही तेच बघायचो. मोरीतून जोरात आलेल्या पाण्यातलं पळसाचं पान बाजूच्या डबक्यात गरगर फिरून काठाला लागायचं. लिओनार्दोनं ओळखलं की रक्तही त्या खिशांत असंच भोवरा घेतं, आणि तो भोवराच पाकळ्यांना पाठीमागून हलके लोटून मिटवतो. हे पडताळण्यासाठी बैलाच्या महाधमनीत मेण ओतून ठसा घ्यायचा, त्यावरून काचेचा नमुना करायचा, आणि त्यातून गवताचं बी मिसळलेलं पाणी सोडून भोवरे बघायचे, अशी कृती त्यानं टिपून ठेवली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ऑक्सफर्डच्या संशोधकांनी प्रयोगानं हेच दाखवलं. नंतर एमआरआयनं जिवंत माणसाच्या छातीत ते भोवरे प्रत्यक्ष दिसले.

याच तीन खिशांपैकी दोन खिशांतून हृदयाला रक्त पुरवणाऱ्या उजव्या-डाव्या धमन्या निघतात. लिओनार्दोच्या चित्रांत त्या हृदयाच्या मुळाशी हारासारख्या वळलेल्या दिसतात. साऱ्या शरीराला रक्त देण्याआधी हृदय आपला वाटा दारातच काढून घेतं. चित्रकाराच्या दृष्टीनं ती एक सुरेख बांधणी होती. माझ्या दृष्टीनं तो जीवनमरणाचा प्रश्न ठरला.

तो असा. आता छाती न उघडता झडप बसवता येते. १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधल्या रूआँ शहरात डॉ. अलँ क्रिबिए यांनी ही किमया जगात प्रथम केली, आणि त्या पहिल्या रुग्णाची झडपही दोन पाकळ्यांचीच होती. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. जाळीत घडी करून बसवलेली नवी झडप जुनीच्या मधोमध उघडतात. जुनी झडप काढत नाहीत, तिच्या पाकळ्या भिंतीकडे दाबल्या जातात. इथेच मेख आहे. हृदयाच्या धमन्यांची तोंडं खाली असतील, दहा-बारा मिलिमीटरपेक्षाही खाली, आणि खिसे अरुंद असतील, तर दाबलेली पाकळी नेमकी त्या तोंडावर जाऊन बसू शकते. मग दुरुस्त केलेलं हृदयच उपाशी राहतं. दोन पाकळ्यांच्या झडपेत कोडं आणखी वाढतं. दार गोल नसतं, चुना एकीकडेच जास्त साचलेला असतो, पाकळ्यांची लांबी वेगळी असते, आणि धमन्या कधी समोरासमोरच्या खिशांतून तर कधी दोन्ही एकाच खिशातून निघतात. झडपेचा आकार आणि धमन्यांची जागा ही एकाच घराची दारं-खिडक्या आहेत. एक हलवायचं तर दुसरं कुठे आहे ते आधी मोजावं लागतं. म्हणून माझा सिटी स्कॅन झाला आणि माझ्या हृदयाची मिलिमीटरमध्ये मोजणी झाली. काही रुग्णांना तिच्यावरून छाती उघडण्याची शस्त्रक्रियाच बरी असं सांगावं लागतं. माझ्या धमन्या पुरेशा उंचीवर निघाल्या. नळीच्या वाटेनं जाता येईल, असं डॉक्टरांच्या चमूनं ठरवलं.

लिओनार्दोच्या चुकाही सांगायला हव्यात. रक्त शरीरभर फिरून परत येतं, हे त्याला उमगलं नाही. हृदयाच्या मधल्या पडद्यात न दिसणारी छिद्रं आहेत, ही गेलेनची जुनी समजूत त्यानंही धरून ठेवली. रक्ताभिसरण विल्यम हार्वेनं मांडलं ते १६२८ साली. पण लिओनार्दोची खरी चूक मला निराळीच वाटते.

१५१३ मध्ये तो रोमला गेला. तिथल्या एका जर्मन आरसेवाल्याशी त्याचं बिनसलं, त्यानं शवविच्छेदनाबद्दल कागाळी केली आणि ते काम थांबलं. १५१६ मध्ये फ्रान्सचा तरुण राजा पहिला फ्रान्सिस यानं त्याला आंब्वाझला बोलावून घर दिलं. पुढल्या वर्षी एक कार्डिनल भेटीला आला. त्याच्या चिटणिसानं नोंदवलं आहे की म्हाताऱ्याचा उजवा हात लुळा पडला होता आणि आपण तिसांहून अधिक प्रेतं तपासली, असं तो सांगत होता. २ मे १५१९ रोजी सदुसष्टाव्या वर्षी तो गेला. शरीररचनेचा ग्रंथ छापायचं त्याच्या मनात होतं. एक पानही छापलं गेलं नाही.

सारे कागद मेल्झीला मिळाले. त्यानं ते जन्मभर जपले. त्याच्या मागून वारसांना त्यांची किंमत कळली नाही. कागद हातोहात गेले आणि शरीररचनेचे ताव सतराव्या शतकाच्या अखेरपर्यंत इंग्लंडच्या राजघराण्यात पोहोचले. तिथे ते एका पेटीत विसरले गेले. १७८० च्या आसपास ते पुन्हा नजरेस पडले, आणि नीट छापून जगापुढे यायला एकोणिसावं शतक संपत आलं. मधल्या काळात त्या तीन खिशांना वालसाल्वा या दुसऱ्याच इटालियन वैद्याचं नाव लागलं. तो जन्मला तो लिओनार्दो गेल्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी.

बँकेत अशा खात्यांना आम्ही निष्क्रिय म्हणत असू. रक्कम असते, वारसही असतात, पण त्यांना पत्ताच नसतो. म्हातारा पासबुक ट्रंकेत ठेवून जातो. अशी किती तरी खाती मी पाहिली आणि प्रत्येक वेळी त्या म्हाताऱ्याचा राग आला. बाबा रे, एकदा घरात सांगितलं असतंस तर!

याच्या उलटचं उदाहरण आपल्या मुंबईत आहे. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी सापाच्या हृदयावरून एक कल्पना घेतली. सापात हृदयाच्या स्नायूला कप्प्यातलंच रक्त थेट मिळतं. मग धमन्या बंद पडलेल्या माणसाच्या हृदयात सुईनं बारीक वाटा पाडून पाहाव्यात, असं त्यांना सुचलं. त्यांनी ते १९६५ साली छापून प्रसिद्ध केलं. पुढे परदेशातल्या शल्यविशारदांनी हीच कल्पना लेसरनं करून पाहिली. फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदयरोपणही सेन यांच्याच चमूनं केलं. रुग्ण काही तासच जगला, पण जे केलं ते त्यांनी जगापुढे ठेवलं.

आणि मी? दोन पाकळ्यांची झडप घराण्यात येऊ शकते, तेव्हा भावंडांचा आणि मुलांचा एकदा इको करून घ्या, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मुलांना मी फोन केला. भावाला नाही. रिपोर्टची फाईल कपाटात खरेदीखतांच्या खाली ठेवून मी दोन महिने लिओनार्दोच्या पेटीबद्दल हळहळत होतो. हे माझं मलाच लक्षात आलं तेव्हा लाज वाटली.

एका संध्याकाळी फाईल घेऊन भावाकडे गेलो. तो ओट्यावर बसून सोयाबीनच्या पोत्यांचा हिशेब करत होता. उठला नाही. भावजयीनं पाणी आणलं, मग चहा ठेवला. मी केसपेपर उलटा करून ती दोन वर्तुळं त्याच्यापुढे धरली आणि जमेल तसं सांगितलं. तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. मग त्यानं बाबांचा चढ काढला. बाबा कुठल्या कडुनिंबाखाली थांबायचे ते त्याला माझ्यापेक्षा नीट आठवत होतं.

त्याचा इको झाला. तीन पाकळ्या आहेत, काळजी नाही. माझ्या मुलीच्या मात्र दोन निघाल्या. तिला आज काहीच त्रास नाही, पण तिची वेळोवेळी तपासणी होत राहील. चढावर दम लागला तर ते वयानं, असं तिला कुणी सांगणार नाही.

अडीच एकरांचा दावा अजून चालू आहे. पुढची तारीख लागली आहे. त्याआधी माझी नागपूरची तारीख आहे, आणि सोबत भाऊ येणार आहे.